उलटा हात

पाणी गरम आहे हे मला बोटांनी सांगितलं नाही. बोटं चांगली पाण्यात होती, फिशटँकच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होती, आणि त्यांना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. त्यांचा तरी काय दोष? चष्म्याची भिंगं घासायच्या चाकावर सतत गार पाण्याची धार पडत असते. त्या धारेखाली बोटं धरून माझं अर्धं आयुष्य गेलं. खडबडीत आणि गुळगुळीत यांतला केसाएवढा फरक त्यांना अजून कळतो, पण गार-गरम कळायचं केव्हाच थांबलं. चहाचा कप मी कान सोडून पोटाला धरते आणि पाहुणे माझ्याकडे बघत राहतात. तर खरवडणी हातातून निसटली, ती धरायला मनगट वळलं आणि हाताची मागची बाजू पाण्याला लागली. मी हात झटक्यात बाहेर काढला. ते अंघोळीचं पाणी होतं. आणि त्या अंघोळीच्या पाण्यात मुकादम अगदी वर येऊन, पाण्याबाहेर ओठ काढून तोंडाची उघडझाप करत होता.

मुकादम म्हणजे बाबांचा मासा. तळहाताहून मोठा, राखाडी, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. खोलीत कोणीही आलं की तो काचेशी येऊन तिरक्या डोळ्याने आलेल्या माणसाचं काम तपासतो, म्हणून बाबांनी त्याला मुकादम केलं. बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि त्यांना सांभाळ-गृहात ठेवावं लागलं, तेव्हा त्यांनी घराबद्दल विचारलं नाही, कपाटाबद्दल विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मुकादम तुझ्याकडे." मी हो म्हटलं. आता तोच मुकादम माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत शिजत होता. थंडी पडल्यावर त्याच्यासाठी मीच हीटर आणला होता. काचेची नळी, वर अंश ठरवायची चकती आणि चकतीशेजारी मुगाच्या दाण्याएवढा तांबडा दिवा. दिवा लागला की हीटर चालू, विझला की बंद, असं खोक्यावर चित्र काढून समजावलेलं. आत्ता दिवा विझलेला होता. कालही विझलेला होता. कामावर जाताना मी चपला घालता घालता त्या दिव्याकडे बघायची आणि निर्धास्त जिना उतरायची.

यंत्रं बिघडतात, त्याचा मला राग नाही. मी स्वतः यंत्रावर पोट भरते. पण बिघडलेल्या यंत्राने निदान गप्प तरी बसावं. हा आत पाणी उकळत होता आणि बाहेर दिवा विझवून साळसूदपणे सांगत होता की मी तर कधीचाच झोपलोय. चोर तर चोर, वर शिरजोर. मी नवऱ्याला हाक मारली. तो वर्तमानपत्राची घडी घालत आला. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. दुकानदार काय म्हणाला होता, खोक्यावर काय छापलंय, आणि मी तेव्हाच म्हटलं होतं की थोडा नीट बघून घेऊ, पण तुला पार्किंग मिळत नव्हतं म्हणून तू घाई केलीस. आमच्या घरात घडलेल्या कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधत गेलं तर ते पार्किंगपाशी निघतं. तो ऐकत ऐकत टँकच्या मागे गेला, वाकला, त्याने प्लग उपटला आणि हातात धरून उभा राहिला. माझं वाक्य अजून चालूच होतं. प्लग मी काढलेला नव्हता. मला त्याचाही राग आला. त्याने तो न बोलता काढला याचा जास्त आला.

"बर्फ टाकू का?" त्याने विचारलं.

"टाक, आणि मारून टाक त्याला," मी म्हटलं. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतायचं नसतं, ते तडकतं. हे मला कोणी शिकवलं असं नाही, माझ्या माहेरी ते सगळ्यांना माहीतच होतं. बाबा हॉस्पिटलच्या धुलाईखान्याच्या बॉयलरवर होते. मी शाळेतून परस्पर त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा त्या खोलीच्या दारातच केस कपाळाला चिकटायचे. भिंतीवर हा मोठा काट्याचा डायल होता. बाबा त्याच्या काचेवर टिचकी मारायचे, काटा काय म्हणतो ते ऐकून घेतल्यासारखं करायचे, आणि मग वळून पाइपाला हात लावायचे. हात उलटा. "तळहात निबर असतो, खोटं बोलतो," ते म्हणायचे, "आणि चटका बसला की घाबरून पकडून बसतो. उलटा हात खरं सांगतो आणि आपोआप मागे येतो." काटा बरोबरच दाखवतोय की, असं मी म्हटलं की हसायचे. "काट्याला कुठे पगार आहे? तो कशाला खरं बोलेल?" त्या खोलीची भाषा त्यांच्याबरोबर घरी यायची. आई चिडली की प्रेशर चढलंय. मी रडले की वाफ सोडतेय, सोडू दे तिला. कोणाला ताप आला की भट्टी पेटलीय. प्रेम, माया असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा त्यांनी उलटा हात माझ्या गालाला लावला आणि आईला म्हणाले, बरोबर आहे, ठीक चाललंय. आई गेली तेव्हा खुर्चीवर बसून म्हणाले, आग विझली. नातेवाइकांना ते फार विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

मी मगाने थोडं थोडं गरम पाणी काढत होते, नवरा बादलीतलं साधं पाणी थोडं थोडं घालत होता, हवेचा पंप शेवटपर्यंत फिरवला होता. मुकादमाचे कल्ले भात्यासारखे हलत होते. एरवी मी हात आत घातला की तो येऊन बोटाला टोचायचा, आज माझ्याकडे बघतही नव्हता. तो मेला असता तर मी बाबांना काय सांगितलं असतं, हे माझ्या डोक्यात आपोआप तयार व्हायला लागलं, आणि तयार होता होता माझ्या लक्षात आलं की काहीही सांगायची गरज पडली नसती. बाबांनी विचारलं असतं, मी म्हटलं असतं छान आहे, आणि सांभाळ-गृहातल्या मेट्रनबाईंनी मान डोलवून मला दुजोरा दिला असता. बाबांना आता काही खरं सांगायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवूनच टाकलं होतं. आज संध्याकाळी मला तिथे जाऊन एकच शब्द बोलायचा होता. हो. बाबांना वरच्या मजल्यावर हलवायला हो. वरच्या मजल्याचं दार फक्त बाहेरून उघडतं. तिथे ज्यांचं डोकं मागच्या कुठल्यातरी वर्षात अडकलंय ते लोक ठेवतात आणि दिवसभर अर्धवट झोपेत ठेवतात.

कारण थंडी सुरू झाल्यापासून बाबा भलतंच बोलायला लागले होते. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द परत आले होते, सावकाश आणि त्यांचे स्वतःचे. आता ते म्हणायचे, वाफ कोंडलीय. म्हणायचे, झडप उघडा. पांघरूण लाथेने खाली ढकलायचे. एकदा चांगल्या हाताने सदऱ्याची बटणं तोडली. "ते आता बॉयलरवर असतात," मेट्रनबाई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या होत्या. "मनाने तिथेच गेलेत. असं होतं या वयात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." किती समजूतदार बाई, मला वाटलं होतं. रडूही आलं होतं. डॉक्टरांनी शांत राहायचं औषध लिहून दिलं. ते घेतल्यावर बाबांचे डोळे अर्धे मिटायचे, तरी ओठ हलायचे, आणि मी कान नेला की तेच, झडप.

मुकादम थोडा खाली उतरला. जास्त नाही, वीतभर. मी नवऱ्याला तिथे बसवलं, हीटर ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दुकान गाठलं. माशांच्या दुकानात गेल्यावर माणसाला निष्कारण हळू बोलावंसं वाटतं, चारी भिंतींवर निळा उजेड आणि पंपांची बुडबुड. मी हळू बोलले नाही. दुकानदाराने हीटर उजेडात धरला, चकती मागेपुढे केली, प्लग लावला. दिवा लागला. चकती खाली आणली, दिवा विझला.

"विझतोय की ताई," तो म्हणाला. "दिवा विझला म्हणजे हीटर बंद. हा चांगला आहे."

"पाणी तापलंय."

"हाताला वाटतं तसं. बाहेर थंडी आहे ना, हात गार असला की साधं पाणीसुद्धा गरम लागतं."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बरणी आणा," मी म्हटलं.

"अहो, दिवा विझलेला दिसतोय ना तुम्हाला?"

"बरणी आणा आणि त्यात पाणी भरा."

मागे एक बाई लहान माशांची पिशवी घेऊन उभी होती, तिच्याकडे बघून त्याने खांदे उडवले. पण बरणी आणली, पाणी भरून हीटर त्यात सोडला. चकती सगळ्यात कमी अंशावर होती, दिवा विझलेला होता. आम्ही तिघंही एका विझलेल्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. आधी काहीच झालं नाही. दुकानदार घसा खाकरून काहीतरी शहाणपणाचं बोलणार एवढ्यात नळीच्या काचेला मोहरीएवढे बुडबुडे धरले, मग ते सुटून वर जायला लागले, आणि बरणीच्या वरच्या काठाला वाफ आली. पिशवीवाली बाई म्हणाली, "अगंबाई." दुकानदाराने बटण बंद केलं आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल, तर, "पण दिवा तर बरोबर विझतो."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आतला चालू-बंद करणारा ठोका चिकटून बसला तर दिव्याला ते कळायची काही सोय का नाही असं विचारलं. बघणाऱ्याला निर्धास्त करायलाच तो दिवा बसवलाय का असंही विचारलं. त्याने काही वाद घातला नाही. त्याने दुसरा हीटर काढला, एक तापमापक काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "खरं सांगू का ताई, माशाचं हेच दुःख. मुकं जनावर. त्याला बोलता आलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. रस्त्यावर गारठा होता, लोक खांदे वर ओढून चालत होते. दोन दुकानं पुढे गेल्यावर माझे पाय थांबले. ज्याला बोलता येतं त्याने सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यानंतर रोज सांगत होता. वाफ कोंडलीय. आमच्या घरात उकडतंय हा शब्द कोणी कधी वापरला होता का? मी आठवून बघितलं. उन्हाळ्यात छपराखाली झोपायचो तेव्हा बाबा काय म्हणायचे, वाफ कोंडलीय, खिडकी उघड. चुलीपाशी आईला घाम फुटला की काय म्हणायचे, हिची झडप उघडा कोणीतरी. मेट्रनबाईंना हे माहीत असायचं कारण नाही. डॉक्टरांना नाही. मला होतं. मी त्या भाषेत वाढले, त्या भाषेत रडले, आणि ती त्यांच्या तोंडून ऐकून मी परक्या बाईच्या खांद्यावर मान ठेवली.

सांभाळ-गृहातल्या बाबांच्या खोलीत मी संध्याकाळी कामावरून जायची. बाहेरची थंडी अंगात मुरलेली असायची, आत शिरले की बरं वाटायचं. कोट काढायच्या आधीच म्हणायची, छान उबदार आहे हो बाबांची खोली. पलंग कोपऱ्यात आहे, आणि कोपऱ्यातच भिंतीला पांढऱ्या पत्र्याचा हीटर, त्यातून गरम पाणी फिरतं. पलंगाची उजवी कड त्याला टेकलेली. उजवी म्हणजे बाबांची गेलेली बाजू. त्या हाताला चटका बसला तरी तो हात कोणाला सांगणार? आणि खोलीतला तापमानाचा काटा कुठे आहे, तर दाराशेजारी, जिथे कॉरिडॉरचा वारा येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकदा मी विचारलंही होतं, ते सारखं पांघरूण काढतात, गरम होत असेल का. मेट्रनबाईंनी काट्याकडे बोट केलं होतं. बावीस. मी बावीस बघितले आणि मान डोलवली. चपला घालता घालता दिव्याकडे बघायची तशीच.

मी संध्याकाळची वाट बघितली नाही. भर दुपारी हीटरची पिशवी घेऊन तिथे पोचले तेव्हा मेट्रनबाई जेवणाच्या ट्रेंवर देखरेख करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो समजूतदारपणा आला, मान थोडी तिरकी. "लवकर आलात. ठरलं ना तुमचं? वर खोली तयार आहे." मी तशीच पुढे गेले, त्या मागे आल्या. बाबा उताणे पडले होते. पांघरूण छातीवरून गादीखाली खोचलेलं, त्यांना काढता येऊ नये असं घट्ट. तोंड उघडं, ओठ कोरडे, कपाळावरचे केस चिकटलेले. धुलाईखान्याच्या दारात माझे चिकटायचे तसे. श्वास वरच्या वर चाललेला. सकाळी टँकमध्ये मी हेच बघितलं होतं.

मी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. आधी बोटं टेकवली. बोटं म्हणाली, गुळगुळीत रंग आहे, चांगला दिलाय. मग हात उलटा केला, आणि तो आपोआप मागे आला.

"काय करताय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "तो आपोआप चालतो, त्याला हात लावायचा नसतो. काटा बघा ना, बावीसवर आहे."

"तुम्ही लावा."

"अहो, काटा..."

"उलटा लावा, बाई."

त्यांना वाटलं असेल लेकीचंही डोकं फिरलं. पण मी त्यांचं मनगट धरलंच होतं, आणि भिंगं घासणाऱ्या बाईची पकड सुटत नाही. मी त्यांच्या हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली. त्यांनी हात ओढून घेतला आणि लाल झालेल्या पेरांकडे बघत राहिल्या, तोंडातल्या तोंडात "हा बंद असायला हवा होता" असं काहीतरी म्हणाल्या. आणि मग माझं सुरू झालं. मी म्हटलं, एका माणसाला तुम्ही भट्टीला टेकवून निजवता आणि वर पांघरूण खोचता. तो सांगतो तर त्याला वेडा ठरवता, औषध पाजून गप्प करता, आणि तरीही तो बोलायचा राहत नाही म्हणून त्याला कुलपात घालता. तुमच्यातल्या एकाने, एवढ्या जणांत एकाने, त्या पत्र्याला हात लावून बघितला नाही. मी म्हटलं, तुम्हाला काट्याची नोकरी आहे की माणसांची? माझा आवाज कॉरिडॉरमध्ये गेला असावा, कारण दाराशी कोणीतरी येऊन थांबलं. मी म्हटलं, आणि मी, मी त्यांची मुलगी, मीसुद्धा. इथे आवाज फाटला, पण थांबला नाही, कुठून सुरू करून कुठे चाललेय ते मला कळत नव्हतं. पार्किंगसुद्धा मधे आलं असतं.

"ए," पलंगावरून आवाज आला.

जड आवाज, औषधाने ओला झालेला. बाबांनी डोळे पूर्ण उघडले नव्हते. तिरक्या नजरेने त्यांनी आधी मेट्रनबाईंना बघितलं, मग मला, आलेल्या माणसाचं काम तपासल्यासारखं. एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाले, "आधी झडप बंद कर. मग भांड."

मी गुडघ्यावर बसले. हीटरच्या पायथ्याशी, धुळीत, लहानशी चकती होती, रंगाखाली चिकटून बसलेली. "उजवीकडे," वरून आवाज आला. "झटका नको. दाबून धर, ती आपोआप सुटेल." मी दाबून धरलं. रंगाचा पापुद्रा तडकला, चकती फिरली, आणि आतून पाण्याची बारीक शीळ येत होती ती थांबली. ती येत होती हे मला ती थांबल्यावर कळलं. मी उठले तेव्हा मेट्रनबाईंनी खिडकी उघडली होती आणि खोचलेलं पांघरूण सोडवत होत्या, लाल पेरांच्या हाताने, माझ्याकडे न बघता. वरच्या मजल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी चमच्याने बाबांना पाणी पाजलं. बाहेरचा गारठा हळूहळू खोलीभर पसरला, माझ्या पाठीवरून गेला, बाबांच्या सदऱ्याची बाही हलली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मुकादम?" छान आहे, हे शब्द सवयीने जिभेवर आले होते. ते मी गिळले, आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं, खोटा दिवा, तापलेलं पाणी, बरणी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दोन दिवस त्याला खायला घालू नकोस. मग डोळे मिटले, आणि मला वाटलं झोप लागली, तेवढ्यात त्यांचा चांगला हात छातीवर काहीतरी शोधत फिरला.

"थंडी वाजतेय," बाबा म्हणाले. "पांघरूण घाला."